इंदुरात चांगला बबल टी शोधताना: आधी बोबा बघा, मग दुकान

‘बबल टी काही आवडला नाही बुवा,’ असं म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी बबल टी, म्हणजे चावायच्या चिवट गोळ्या (बोबा) घातलेला थंड चहा, प्यायलेलाच नसतो. कुणी फुटणाऱ्या गोळ्या घातलेलं आंब्याचं सरबत प्यायलेलं असतं, कुणी पाऊण तास स्कूटरवर हिंडून घरी आलेला, तळाशी कडक गोळ्या बसलेला ग्लास. चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. लोक आधी रेटिंग बघतात, मग निऑनची पाटी बघून आत शिरतात, मेन्यूतला सगळ्यात रंगीत ग्लास मागवतात आणि त्यावरून मत बनवतात. हा क्रम उलटा करायचा. काय शोधतोय ते घरीच समजून घ्यायचं, चार-पाच नावांची यादी करायची, योग्य वेळी जायचं, काउंटरवर प्रश्न विचारायचे, एकच साधा ग्लास घ्यायचा आणि मग मत द्यायचं. दोनेक आठवड्यांत काम होतं.

टप्पा १: निघण्यापूर्वी गोळ्या ओळखा

मेन्यूवर ‘बोबा’ एवढंच लिहिलेलं असतं, पण त्या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली आणि खरी म्हणजे टॅपिओका बोबा. काळसर, वाटाण्याएवढी, चिवट आणि लवचीक. कसावाच्या कंदाचा स्टार्च, म्हणजे आपला साबुदाणा ज्यापासून होतो तोच. काळा रंग ब्राउन शुगरचा किंवा कॅरमेलचा असतो, त्यामुळे रंगावरून दर्जा ठरत नाही. दर्जा ठरतो शिजवण्यावरून, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

सुका बोबा त्याच्या सात ते दहा पट उकळत्या पाण्यात सोडावा लागतो. साबुदाण्यासारखा थंड पाण्यात भिजवला तर त्याची खळ होते. उकळी कायम ठेवून २० ते ३० मिनिटं शिजवायचा, मग आच बंद करून झाकणाखाली तेवढाच वेळ मुरू द्यायचा, गार पाण्यात धुऊन चिकटपणा काढायचा आणि लगेच गुळाच्या किंवा ब्राउन शुगरच्या पाकात टाकायचा. एवढं केल्यावर तो जेमतेम चार तास चांगला राहतो. पुढे बाहेरून लिबलिबीत आणि आतून कडक होत जातो. फ्रिजमध्ये ठेवला तर आणखी लवकर. रात्रीची साबुदाण्याची खिचडी फ्रिजमधून काढल्यावर दाणे कसे खड्यासारखे लागतात, ते आठवा. शिजून फुगलेला स्टार्च गार झाला की पुन्हा घट्ट बांधला जातो. दोन्हीकडे घडतं ते हेच.

पाच मिनिटांत होणारा झटपट बोबाही बाजारात मिळतो. तो वाईट नसतो, पण कडक आणखी लवकर होतो.

दुसरी वस्तू पॉपिंग बोबा. दाताखाली फुटते आणि आतून फळाचा रस येतो. वरचं पातळ कवच सोडियम अल्जिनेट आणि कॅल्शियमच्या क्षारापासून बनतं. ही डब्यातून येते, शिजवावी लागत नाही, महिनोन्‌महिने टिकते. दुकानदाराला सोयीची असल्यामुळे ती सगळीकडे असते. लिंबाच्या किंवा लिचीच्या थंड चहात मजा आणते, पण तिच्यावरून दुकान जोखता येत नाही. डबा उघडून चमचाभर घालायला कसब लागत नाही.

तिसरी क्रिस्टल बोबा. पांढरट, अर्धपारदर्शक, कुरकुरीत जेलीसारखी. अगारची (समुद्री शेवाळाची) किंवा कोंजॅक नावाच्या कंदाची असते. तिच्याबद्दल एवढंच पुरे.

तपासा: घरात शाकाहार काटेकोर असेल तर बोबापेक्षा पुडिंग आणि जेलीची चौकशी करा. त्यांत कधीकधी जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांपासून काढलेलं असतं. पाकीट दाखवायला सांगा. हिरवा ठिपका असेल तर ठीक, तपकिरी त्रिकोण असेल तर नको.

(साबुदाण्याचा भाऊ म्हणून हा उपवासाला चालतो का, हा प्रश्न राजेंद्रनगरपासून रामबागेपर्यंत निघतोच. त्यात गोंद आणि रंगही असू शकतो. पाकीट वाचा आणि निकाल घरातल्या ज्येष्ठांवर सोडा.)

टप्पा २: नकाशावर यादी करा

पूर्ण शहराचा शोध एकदम घेऊ नका. नकाशा मोठी आणि जाहिरातवाली नावं वर आणतो, आतल्या गल्लीतलं दुकान दिसतच नाही. एकेक भाग पडद्यावर मोठा करून शोधा: विजयनगर, पलासिया आणि छप्पन दुकानाचा परिसर, सपना-संगीता रस्ता, भंवरकुआ, आणि मग मॉलमधली फूड कोर्टं. प्रत्येक भागात ‘बबल टी’, ‘बोबा’ आणि ‘टॅपिओका’ हे तिन्ही शब्द रोमन लिपीत टाकून बघा. निकाल वेगवेगळे येतात.

आता छाटणी. ती फोटोंवरून करा, ताऱ्यांवरून नाही. एका टॉपिंगच्या बदल्यात पाच तारे मागायची रीत इतकी रुळली आहे की रेटिंगचा उपयोग फक्त अगदी वाईट जागा टाळण्यापुरता उरतो. फोटो नवे आधी लावा आणि गिऱ्हाइकांनी काढलेलेच बघा. ग्लासच्या तळाशी काळ्या गोळ्यांचा थर दिसतो का? दहा फोटोंत दहाही वेळा रंगीत पारदर्शक गोळ्याच असतील तर तिथे टॅपिओका शिजत नाही, किंवा शिजतो पण कुणी घेत नाही. नाव खोडा.

मग मेन्यूचा फोटो. पिझ्झा, सँडविच, मॅगी, थिक शेक आणि शेवटच्या पानावर बबल टीचे वीस प्रकार, असा मेन्यू असेल तर सावध व्हा. स्वयंपाकी वाईट असतो असं नाही, खप कमी असतो. भांडंभर बोबा शिजवला आणि दिवसात सहाच ग्लास गेले, तर सातव्या गिऱ्हाइकाला काय मिळणार? भांडं किती लवकर रिकामं होतं, यावर जवळपास सगळं अवलंबून आहे. म्हणूनच भंवरकुआसारख्या कोचिंगच्या पोरांच्या भागातलं, चार खुर्च्यांचं दुकान कधीकधी सजवलेल्या कॅफेला मागे टाकतं.

अभिप्रायांत शब्द टाकून शोधता येतं. ‘चुई’ (म्हणजे चिवट), ‘हार्ड’, ‘पर्ल’ (बोबाचंच दुसरं नाव) हे शब्द टाका आणि गेल्या तीन महिन्यांतलंच वाचा. बोबा शिजवणारा पोरगा बदलला की दुकान बदलतं. दोन वर्षांपूर्वीची स्तुती जुन्या पोराची असते.

तपासा: यादीत चार-पाचच नावं उरली पाहिजेत. बारा उरली असतील तर छाटणी झालेली नाही.

टप्पा ३: वेळ ठरवा

दुकान उघडल्या उघडल्या जाऊ नका. शिजवणं, मुरवणं, पाकात ठेवणं यात तास जातो. उघडल्यानंतर दहा मिनिटांत बोबा मिळाला तर तो कालचा असण्याची शक्यता मोठी. उघडल्यापासून दीड ते दोन तासांनी जा. दुकान बाराला उघडत असेल तर पावणेदोन-दोन ही वेळ उत्तम. पहिला घाणा तयार असतो आणि गर्दी नसते, त्यामुळे प्रश्नांना उत्तरंही मिळतात.

दुसरी भेट मुद्दाम अवघड वेळेची ठेवा: साध्या वारी, रात्री नऊच्या सुमारास. दुपारचा घाणा तेव्हा सात तासांचा झालेला असतो. चांगलं दुकान संध्याकाळी दुसरा घाणा लावतं, साधं दुकान दुपारचाच पुरवतं. हा फरक फक्त याच वेळी कळतो.

सावधान: एका दिवशी दोनपेक्षा जास्त दुकानं करू नका. तिसऱ्या ग्लासापर्यंत जीभ साखरेने बधिर होते आणि पोट स्टार्चने भरलेलं असतं. भरपेट पोहे-जिलेबीनंतर तर नकोच.

टप्पा ४: पैसे देण्यापूर्वी काउंटरवर

आधी दोन मिनिटं नुसतं उभं राहून बघा. बोबा कशात ठेवलाय? पाकात, झाकणाच्या भांड्यात किंवा उबदार ठेवणाऱ्या कुकरमध्ये असेल तर छान. फ्रिजमधून डबा निघत असेल तर आजचा बेत पॉपिंग बोबावर भागवा. चहाच्या टाकीवर आणि बोबाच्या भांड्यावर वेळ लिहिलेली चिकटपट्टी आहे का? ती असली तर त्या दुकानात कुणीतरी लक्ष ठेवतंय. डावाने काढलेला बोबा सुटा घरंगळतो की गोळा होऊन पडतो, तेही दिसतं. गोळा झाला असेल तर धुण्यात किंवा पाकात कसूर झाली आहे.

मग विचारा. काउंटरवर हिंदीच चालणार, तेव्हा प्रश्नही तसेच:

‘भैया, टॅपिओका आज कितने बजे पकाया?’
‘चाय पत्ती की है या पावडर की?’
‘दूध ताज़ा डालते हो या क्रीमर?’

पहिल्या प्रश्नाला घड्याळातली वेळ मिळाली पाहिजे. ‘साढ़े बारह बजे’ हे उत्तर. ‘फ्रेश ही है, सर’ हे उत्तर नाही. सगळ्यात चांगलं उत्तर ऐकायला वाईट वाटतं: ‘खतम हो गया, आधा-पौन घंटा लगेगा।’ गिऱ्हाईक परत पाठवायची तयारी असलेलं दुकान यादीत वर घ्या आणि तोवर एक चक्कर मारून या.

क्रीमर, म्हणजे दुधाऐवजी घालायची पावडर, म्हटल्यावर नाक मुरडायचं कारण नाही. कित्येक जुन्या पद्धतीच्या दुकानांत चहा क्रीमरचाच असतो आणि त्याचा मऊ दाटपणा काही जणांना दुधापेक्षा आवडतो. पण ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या क्रीमरमध्येही दुधातलं प्रथिन, म्हणजे केसिनेट, बहुधा असतं. दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांनी त्या शब्दावर विसंबू नये.

तपासा: १ जानेवारी २०२२ पासून खाद्यपदार्थांच्या बिलावर एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. भिंतीवर परवाना आणि बिलावर क्रमांक, दोन्ही बघा. बर्फ विकतचा येतो की दुकानातल्या यंत्रात होतो हेही विचारून घ्या, विशेषतः पावसाळ्यात.

टप्पा ५: पहिला ग्लास कोणता

साधा मिल्क टी, काळ्या चहाचा, टॅपिओका बोबा घालून. साखर ५० टक्के, म्हणजे दुकानाच्या नेहमीच्या गोडीच्या निम्मी, बर्फ कमी. प्रत्येक दुकानात हाच, म्हणजे तुलना होईल.

ब्राउन शुगर मिल्क पहिल्या भेटीत घेऊ नका. दिसतो देखणा, ग्लासवर वाघासारखे पट्टे उठतात. पण बऱ्याच ठिकाणी त्यात चहा नसतोच, आणि जळक्या साखरेचा वास इतका दांडगा की शिळा बोबाही खपून जातो. टॅरो (अळूचा कंद), मँगो, ब्लूबेरी हे बहुधा पावडरीचे किंवा सिरपचे असतात आणि पावडर सगळीकडे सारखी लागते.

साखर ५० टक्के कशासाठी? १०० टक्क्यांवर चहा झाकला जातो. शून्यावर चहातले दोष उघडे पडतात हे खरं, पण सवय नसेल तर चांगला चहाही कडू वाटतो. बोबा पाकातला असतो, त्यामुळे शून्य म्हटलं तरी ग्लास पूर्ण अगोड होत नाही. मोठ्या गोड ग्लासात ३०-४० ग्रॅम साखर सहज जाते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला वरून घातलेली साखर साधारण ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ ग्रॅमपर्यंत ठेवायला सांगते. हिशेब तुमचा.

बर्फ कमी म्हटल्यावर ग्लास चहाने भरतात की रिकामा ठेवतात, हे आधी विचारा. दोन्ही पद्धती चालतात, भांडण मात्र नंतर होतं.

टप्पा ६: चाखणं, याच क्रमाने

१. ग्लास हातात आल्यावर लगेच हलवू नका. वर फेस आहे का बघा. चहा बर्फासोबत शेकरमध्ये घुसळला असेल तर बारीक फेस येतो. नुसता ओतला असेल तर वरचा भाग सपाट असतो आणि साखर तळाशी राहते.

२. मग तोंडावरच्या पातळ पडद्याचं सील तपासून ग्लास चार-पाच वेळा उलटासुलटा करा. हे विसरलं की पहिले घोट पचपचीत आणि शेवटचे पाकासारखे लागतात, आणि दोष दुकानाला दिला जातो.

३. स्ट्रॉ १० ते १२ मिलिमीटर रुंद हवी. १ जुलै २०२२ पासून देशात प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आहे, त्यामुळे कागदी मिळते. वरच्या तोंडावर अंगठा दाबून, टोकदार बाजूने एका झटक्यात सील फोडा. घाबरत घाबरत टोचली तर टोक मुडपतं आणि चहा शर्टावर उडतो. कागदी स्ट्रॉ पंधरा-वीस मिनिटांत लोळागोळा होते, एक जास्तीची मागून ठेवा.

४. पहिला घोट फक्त चहाचा. स्ट्रॉ वर धरा, बोबा येऊ देऊ नका. दूध आणि साखरेच्या मागे चहाचा तुरटपणा जाणवला पाहिजे. नुसतं गोड दूध लागलं तर चहा पातळ काढलाय. जिभेवर कडवट कोरडेपणा राहिला तर पत्ती जास्त वेळ पाण्यात राहिली. किंचित आंबूस, मातकट वास आला तर चहा सकाळचा आहे.

५. आता बोबा. एका घोटात तीन-चार, आणि चावायचे. पटकन गिळू नका, सारी परीक्षा दातांची आहे. दात आत रुतला पाहिजे, किंचित विरोध झाला पाहिजे आणि गोळी परत फुगल्यासारखी वाटली पाहिजे. आतपर्यंत एकसारखी, आतूनही गोड.

बिघाड ओळखायला एक गोळी दाताने अर्धी तोडून बघा. मध्ये पांढरा पिठूळ ठिपका दिसला तर ती कच्ची आहे. साबुदाण्याच्या खिचडीत कच्चा दाणा जसा, तसाच. उकळी मध्येच मोडली किंवा मुरायला वेळ दिला नाही. ठिपका नाही, पण गोळी खडूसारखी तुटते, तर ती फ्रिजची किंवा खूप वेळची. बाहेरून शेंबडासारखी आणि आत बरी असेल तर शिजल्यावर धुतली नाही किंवा पाकात फार वेळ राहिली. आत अगदीच फिकी लागली तर पाकात मुरायच्या आधीच ग्लासात पडली. हा शेवटचा दोष माफ करा, ताज्या घाण्याचीच ती खूण असते.

६. अर्धा ग्लास संपल्यावर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चाखा. गार चहात बोबा हळूहळू घट्ट होतोच. चांगला शिजवलेला अर्धा तास तग धरतो, काठावरचा दहा मिनिटांत हार मानतो.

सावधान: लहान मुलांना बोबाचा ग्लास देऊ नका. स्ट्रॉमधून जोरात ओढल्यावर गोळी थेट घशात जाऊन अडकू शकते. पाच वर्षांखालच्यांना तर नाहीच. मोठ्या मुलांना आधी चमच्याने द्या. स्ट्रॉ तोंडात असताना हसवू नका, हे मोठ्यांनाही लागू आहे. आणि रात्री नऊचा ग्लास चहाचाच असतो, झोप हलकी असेल तर लहान घ्या.

टप्पा ७: गुण द्या, मग दुसरी भेट

बाहेर पडल्यावर लगेच फोनमध्ये लिहा: दुकान, वार, वेळ, बोबा किती वाजताचा सांगितला, गुण. दहापैकी चार बोबाला, तीन चहाला, दोन साखर-बर्फ सांगितल्याप्रमाणे दिल्याबद्दल, एक उरलेल्या सगळ्याला. सजावट, गाणी, सेल्फीची भिंत हे सगळं त्या एका गुणात बसवा.

सातच्या खालच्या दुकानाला दुसरी भेट नाही. सात किंवा वर असेल तर ती रात्री नऊची भेट द्या आणि तोच ग्लास मागवा. दोन्ही वेळी सात मिळाले तर ते तुमचं दुकान. तिसऱ्या वेळी खुशाल ब्राउन शुगर घ्या. नंतर एखाद्या दिवशी जास्मिन ग्रीन टी, दुधाशिवाय. तो फार कमी ठिकाणी जमतो. हिरवी पत्ती ७५-८० अंशांच्या पाण्यात काढायची असते आणि घाईत उकळतं पाणी ओतलं की ती कडू होते.

टप्पा ८: घरपोच मागवायचाच असेल तर

घरपोच ग्लासवरून नव्या दुकानाचं मत कधीही बनवू नका. विजयनगरहून राजेंद्रनगर दहा किलोमीटरहून जास्त आहे. मे महिन्यात तेवढ्या वेळात बर्फ वितळून चहा पाणचट होतो आणि बोबा कडक.

ओळखीच्या दुकानातून, चार किलोमीटरच्या आतच मागवा. सूचनेत ‘बोबा अलग डिब्बे में, बर्फ नहीं’ असं लिहा आणि फोन करून खात्री करा, कारण सूचना वाचल्या जातातच असं नाही. बर्फ घरचा घाला. बोबा तेवढ्यात घट्ट झालाच असेल तर वाटीत दोन चमचे पाणी घालून मायक्रोवेव्हमध्ये १५-२० सेकंद गरम करा. मऊ होतो, पण काही मिनिटांपुरताच, तेव्हा चहा आधी ग्लासात ओतून ठेवा. उरलेला बोबा उद्यासाठी फ्रिजमध्ये ठेवू नका. संध्याकाळीच संपवा, नाहीतर टाकून द्या.